बाबांची सही जुळते आहे तोवर: स्मृतिभ्रंशाच्या आधी घरातले पैशाचे व्यवहार कसे लावून घ्यावेत

बाबांचा चेक पहिल्यांदा परत आला तेव्हा मी बँकेवरच चिडले होते. काउंटरवरच्या बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि दोन सह्या शेजारी-शेजारी दाखवल्या. जुनी सही एका दमात केलेली, शेवटच्या अक्षरातून खाली ओढलेली लांब रेघ. नवी सही तुकड्यातुकड्यांत. आडनावातलं एक अक्षर गळलेलं आणि रेघ अक्षरांच्या मधूनच गेलेली. बाबा शेजारी उभे होते. "पेन बरोबर नव्हतं," ते म्हणाले.

पेन बरोबर होतं. पुढच्या दीड वर्षात मी ज्या ज्या कागदासाठी धावले, तो प्रत्येक कागद त्या दिवसाच्या दोन वर्षं आधी अर्ध्या तासात झाला असता. घरात पैसे होते. पण ज्यांचे होते त्यांची सही चालत नव्हती आणि जिची चालली असती त्या मला कसलाच अधिकार नव्हता. ही वेळ तुमच्या घरावर येऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. यातले नियम भारतातले आहेत.

हा प्रश्न आता थोड्या घरांचा राहिलेला नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीच्या पुढचे सुमारे ८८ लाख लोक डिमेन्शियासह, म्हणजेच स्मृतिभ्रंशासह, जगत आहेत, म्हणजे शंभरातले सातहून अधिक. आणि २०५० पर्यंत देशातला दर पाचवा माणूस साठीच्या पुढचा असेल.

१. खुणा आधी कागदांत दिसतात

आपण विसरभोळेपणा बोलण्यात शोधतो. नाव आठवलं नाही, चष्मा सापडला नाही, असं काही घडण्याची वाट बघतो. पण पैशाचं काम करताना आठवण, आकडेमोड आणि पारख या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. म्हणून बोलणं-चालणं ठीक असतानाच हिशेब घसरायला लागतात. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पुढे डिमेन्शियाचं निदान झालेल्या लोकांची बिलं आणि हप्ते निदानाच्या सहा वर्षं आधीपासून चुकू लागलेले दिसले होते.

आमच्याकडे खूण बाबांच्या खर्चाच्या डायरीत होती. चाळीस वर्षं त्यांनी रोज रात्री हिशेब लिहिला. मी ती डायरी उघडली तेव्हा एकाच तारखेखाली "औषधे ३२०" ही ओळ चार वेळा लिहिलेली होती, चारही वेळा सुवाच्य अक्षरात, आणि बेरजेची जागा कोरी होती.

आणखी काय बघायचं? एकच बिल दोनदा भरलेलं, न उघडलेली पाकिटं, कपाटात किंवा पुस्तकांत ठेवलेली रोकड, कार्डाच्या पाकिटावर लिहिलेला पिन, कधी न ऐकलेल्या कंपनीची नवी पॉलिसी. दुकानात सुटे मोजायचे टाळून दर वेळी मोठी नोट पुढे करणं, हीसुद्धा एक खूण आहे. एखाद्या गोष्टीवरून घाबरू नका. तीन-चार गोष्टी एकत्र दिसल्या तर पुढच्या पायरीला लागा.

२. वकिलाच्या आधी डॉक्टर

विस्मरणाचं कारण दर वेळी स्मृतिभ्रंशच असतं असं नाही. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, रक्तातलं सोडियम कमी होणं, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, ऐकू कमी येणं, यांपैकी कशानेही माणूस गोंधळतो आणि उपचारांनी बराच सावरतो. म्हणून आधी तपासणी. न्यूरॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ किंवा वार्धक्यविकारतज्ज्ञ, जे मिळतील त्यांच्याकडे जा. तीस गुणांची एक छोटी चाचणी बहुतेक ठिकाणी घेतात: आजची तारीख, आपण कुठे आहोत, शंभरातून सात वजा करत जाणं. बाबा त्र्याण्णवनंतर थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. तुमच्या माणसावर अशी वेळ आली तर उत्तर सुचवू नका, नुसता हात धरा.

डॉक्टरांकडून दोन गोष्टी लेखी आणि तारखेसह मागून घ्या: तपासणीचा निष्कर्ष, आणि आज या व्यक्तीला आपल्या पैशांचे व्यवहार समजतात का, याबद्दलचं त्यांचं मत. दुसरी नोंद पुढे फार उपयोगी पडते. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: निदान झालं म्हणजे समज संपली, असं होत नाही. सुरुवातीच्या टप्प्यातला माणूस आपलं घर कोणाला द्यायचं हे नीट सांगू शकतो. निदानाच्या धक्क्याने घरचे सगळं थांबवतात आणि नेमके हेच महिने वाया जातात.

३. विषय कसा काढायचा

माझी चूक सांगते. मी म्हणाले, "बाबा, आता तुम्हाला जमत नाही, मी बघते." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पासबुकं जागेवर नव्हती. ती तीन आठवड्यांनी गादीखाली सापडली.

नंतर जे चाललं ते असं: "बाबा, मला काही झालं तर पोरांना काही सापडणार नाही, म्हणून मी माझे कागद लावतेय. तुमची पद्धत दाखवता का?" त्यांनी मला फाइल कशी लावायची ते शिकवलं, आणि शिकवता शिकवता स्वतःचे कागद काढून दिले. हे नुसतं नाटक करू नका, स्वतःचे कागदही खरंच लावा.

वेळ सकाळची निवडा. संध्याकाळी गोंधळ वाढतो. एका बैठकीत एकच काम.

४. एक वही करा

खाती, ठेवी, पोस्टातल्या योजना, पीपीएफ, विमा, म्युच्युअल फंड, शेअर, लॉकर, घराचे आणि जमिनीचे कागद, दिलेली-घेतलेली उसनवारी, सगळं एका वहीत. पासवर्ड आणि पिन या वहीत लिहू नका.

आठवणीवर विसंबू नका. प्रत्येक खात्याचं तेरा महिन्यांचं स्टेटमेंट काढा. वर्षातून एकदाच जाणारे हप्ते बारा महिन्यांत कधी कधी निसटतात, तेरात सापडतात. दहा वर्षं हात न लावलेल्या खात्यांतले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जातात. ते बुडत नाहीत, बँकेमार्फत परत मागता येतात. रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर नाव टाकून असे पैसे शोधता येतात. सात वर्षं न घेतलेला लाभांश, आणि त्यासोबत शेअरही, सरकारच्या आयईपीएफ या निधीत जातात. तेही परत मागता येतात, पण कटकट मोठी आहे.

त्याच आठवड्यात मोबाइल नंबर तपासा. आधारला, बँकेला आणि पॅनला जोडलेला नंबर चालू आहे ना? आमचा एक नंबर वर्षापूर्वी बंद पडलेला होता आणि ओटीपी त्याच्यावर जात होते. वयानुसार बोटांचे ठसेही पुसट होतात. आधार केंद्रावर माणूस बसू शकतो तोवरच ते अद्ययावत करून घ्या.

५. खातं जॉइंट करा, पण कुठल्या प्रकारचं ते बघून

सगळ्यात जास्त घरं इथे फसतात, म्हणून सविस्तर सांगते.

फॉर्मवर व्यवहार कसा चालावा याचा एक छोटा रकाना असतो. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकतं. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे पहिलं नाव ज्याचं, तो हयात असेपर्यंत फक्त तोच. आईचं नाव बाबांच्या खात्यावर वीस वर्षं होतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. खातं दुसऱ्या प्रकारचं निघालं. बाबा समोर बसलेले असताना आईला त्यातला एक रुपयाही काढता येत नव्हता. पासबुकाचं पहिलं पान आजच उघडून बघा.

मुदत ठेवींचा सापळा याहून बारीक आहे. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' ठेव मुदत संपल्यावर एकाच्या सहीने मिळते. पण मुदतीआधी मोडायची झाली तर बँक दोघांच्याही सह्या मागू शकते, आणि नेमकी त्यातली एक सही होत नसते. म्हणजे हॉस्पिटलच्या खर्चासाठी ठेवलेली पाच वर्षांची मोठी ठेव गरजेच्या दिवशी हाताला लागतच नाही. उपाय सोपा आहे: एका मोठ्या ठेवीऐवजी लहान लहान ठेवी करा, दर तीन-चार महिन्यांनी एकीची मुदत संपेल अशा लावा, आणि रक्कम जॉइंट बचत खात्यात जमा होण्याची सूचना लिहून द्या. आपोआप नूतनीकरणाची खूण काढायला विसरू नका. व्याज थोडं कमी मिळेल. मला विचाराल तर ते सोडून द्या.

धोका दुसऱ्या बाजूनेही आहे. जॉइंट खातेदार सगळे पैसे काढू शकतो. म्हणून या खात्यात वर्षभराच्या खर्चापुरतंच ठेवा आणि दुसरं नाव विचार करून निवडा. जवळ राहणारा आणि हिशेब ठेवणारा माणूस हवा, थोरला-धाकटा बघू नका. शिवाय जॉइंट खातं ही कायमची हमी नाही: एका खातेदाराची समज गेल्याचं कळल्यावर बँक व्यवहार थांबवू शकते. म्हणून स्वतःच्या खात्यातही थोडी तजवीज करून ठेवा.

माणूस शरीराने थकला आहे पण समज शाबूत आहे, अशा वेळी बँकेला अंगठा, किंवा तोही नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा, दोन साक्षीदारांसमोर घ्यावा लागतो. त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. कर्मचारी 'असं काही नसतं' म्हणाला तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या.

६. मुखत्यारपत्रावर विसंबू नका

"पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून टाका, झालं," असं मला निदान दहा जणांनी सांगितलं. आम्ही केलंही. पैसे खर्च करून, नोंदणी करून.

भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २०१ नुसार, ज्याने अधिकार दिला त्याची समज गेली की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी तो कागद केला, त्याच दिवशी तो निकामी होतो. इंग्लंडमध्ये समज गेल्यावरही चालणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे तशी सोय नाही. शरीराने थकलेल्या, परगावी असलेल्या किंवा फिरू न शकणाऱ्या माणसासाठी मुखत्यारपत्र उत्तम आहे. स्मृतिभ्रंशाची तयारी त्यावर उभी करू नका. आणि समज गेल्यानंतर जुन्या मुखत्यारपत्रावर घर विकलं तर तो व्यवहार पुढे कोर्टात उलटू शकतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमता येतो, तो जरूर नेमा. पण त्याचा अधिकार मानसिक उपचारांपुरता आहे, पैशांपर्यंत पोचत नाही.

ज्यांची मालमत्ता मोठी आहे किंवा ज्यांच्या घरात आयुष्यभर सांभाळावं लागेल असं अपत्य आहे, त्यांनी खासगी ट्रस्टबद्दल वकील आणि सीए या दोघांशी बोलावं. साध्या घरांना त्याची गरज पडत नाही.

७. मृत्युपत्र आणि नॉमिनी

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार पुरतात. साक्षीदारांनी सही होताना प्रत्यक्ष पाहिलेलं असावं. ज्यांना काही मिळणार आहे, त्यांना साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण स्मृतीचा प्रश्न असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी करा. त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा, आणि जमलं तर डॉक्टरांनाच साक्षीदार करा. कायदा सही करतानाची समज बघतो. वाद झाला तर सगळं त्या एका दिवसावर ठरतं.

नॉमिनीबद्दल दोन गैरसमज आहेत. पहिला, नॉमिनी म्हणजे मालक. बँकेतल्या ठेवींच्या बाबतीत तसं नाही. तो पैसे ताब्यात घेतो आणि ते वारसांचे असतात. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. दुसरा गैरसमज आपल्या विषयाला जास्त लागू आहे: नॉमिनीचा हक्क मृत्यूनंतर सुरू होतो. माणूस जिवंत आहे पण सही करू शकत नाही, अशा वेळी नॉमिनीला काहीही करता येत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवींना चार नॉमिनी लावता येतात. ते लावा, पण त्यावर थांबू नका.

"घर आताच मुलांच्या नावावर करून टाकू" हा सल्लाही मिळेल. माझं मत स्पष्ट आहे: करू नका, मृत्युपत्रात लिहा. बक्षीसपत्र केलंच तर मुलांनी सांभाळ करण्याची अट त्यात स्वच्छ लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली अट मोडल्यास ते रद्द करून घेण्यासाठी त्याच कायद्याखालच्या न्यायाधिकरणाकडे जाता येतं.

८. फसवणुकीची वाट अरुंद करा

आवाज चढवून बोलणारा 'साहेब' आणि घाबरलेला म्हातारा माणूस एवढ्यावर 'डिजिटल अरेस्ट'चा, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून फोनवरच 'अटक' करण्याचा आणि पैसे उकळण्याचा, धंदा चालतो. अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी लावा.

मोठी रक्कम असलेल्या खात्याला यूपीआय आणि कार्ड जोडूच नका. एक छोटं खातं रोजच्या वापरासाठी ठेवा. कार्डावरचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद करा, मर्यादा कमी करा, आणि एसएमएस तुमच्या फोनवरही येतील असं बघा. पैसे गेले तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला. एक मिनिटही 'बघू' म्हणू नका. ओटीपी आपल्याच माणसाने दिला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान आपलं असतं, कळवल्यानंतरचं बँकेचं.

पण सगळं काढून घेऊ नका. बाबांच्या पाकिटात आम्ही शंभराच्या पाच नोटा ठेवतो. ते त्या दिवसातून कितीतरी वेळा मोजतात. एक कमी झाली तर कळत नाही, पण पाकीट रिकामं असलं की दिवसभर अस्वस्थ असतात.

९. पेन्शन आणि विमा

केंद्र सरकारच्या पेन्शनचं खातं पती किंवा पत्नीसोबतच जॉइंट होतं, मुलांसोबत नाही. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये, ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. फोनवर चेहरा दाखवून 'जीवन प्रमाण', म्हणजे हाच दाखला ऑनलाइन, घरूनच होतो.

आरोग्य विम्याचा हप्ता जॉइंट खात्यातून आपोआप जाईल असं करा. आमचा हप्ता चुकला, सवलतीची मुदत उलटली आणि त्या वयात नवी पॉलिसी कोणी देईना. सत्तरीच्या पुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ते कार्ड काढून ठेवा. मात्र हे सगळं दवाखान्यात दाखल झाल्यावर. स्मृतिभ्रंशात खरा खर्च घरी चोवीस तास लागणाऱ्या माणसाचा असतो, आणि तो खिशातूनच करावा लागतो. पैशांचा अंदाज बांधताना तो धरा, आणि वर्षांनुवर्षांचा धरा.

१०. भावंडांना पहिल्या दिवसापासून हिशेब

दर महिन्याच्या पाच तारखेला मी एका पानाचा हिशेब आणि स्टेटमेंटचा फोटो भावाला पाठवते. तो विचारत नाही, तरी पाठवते. बाबांच्या पैशातून माझ्या घरचं काही येत नाही, अगदी एकत्र आणलं तरी पावत्या वेगळ्या. सांभाळणाऱ्याला मोबदला द्यायचा असेल तर तोही सगळ्यांनी ठरवून, लिहून.

११. उशीर झाला असेल तर

समज गेल्यावर घाईघाईने अंगठे घेऊ नका. ते बेकायदेशीर आहे, आणि पुढे तुमच्यावरच उलटतं. समज गेलेल्या ज्येष्ठांच्या वतीने व्यवहार बघणारा पालक नेमण्याचा सरळ, एकच कायदा आपल्याकडे नाही. म्हणून घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० साली कोमात गेलेल्या पतीची पालक म्हणून पत्नीला नेमलं होतं. न्यायालय वैद्यकीय अहवाल मागवतं, इतर वारसांचं म्हणणं बघतं, आणि नंतर हिशेबही मागू शकतं. म्हणून बाकीच्या वारसांची लेखी संमती आधीच गोळा करा, काम हलकं होतं. कोणाशी बोलावं हे कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे.

जवळ ठेवायचे कागद

- आधार, पॅन, पासपोर्ट आकाराचे अलीकडचे फोटो, आणि जुन्या व नव्या सहीचे नमुने
- सगळी पासबुकं, ठेवींच्या पावत्या, डीमॅट आणि फंडांची स्टेटमेंट
- पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), विमा पॉलिसी आणि शेवटच्या हप्त्याची पावती
- घराचा नोंदणीकृत करार, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जमीन असल्यास सात-बारा
- डॉक्टरांचे तारखेसह अहवाल, पहिल्या भेटीपासूनचे
- मृत्युपत्र आणि ते कुठे आहे हे माहीत असलेल्या दोन माणसांची नावं

सही बदलू लागली असेल तर बँकेत जाऊन नवा नमुना सर्वांत आधी द्या. या यादीतलं बाकी सगळं एखादा आठवडा थांबू शकतं.